सोमलाचे पाणी आणि न विसरलेली बाळे

प्रसूतिगृहात आयुष्य घालवलेल्या प्रत्येकाला एक क्षण ठाऊक असतो. बाळ जन्माला येते, पण रडत नाही. खोलीतील आवाज एकदम खाली येतात. परिचारिका ते बाळ पांढऱ्या कापडात गुंडाळते, बाहेर ताटकळत उभ्या असलेल्या एखाद्या काकाच्या वा मामाच्या हाती देते आणि तासाभरात सारे आटोपते. आईला पुष्कळदा चेहराही दाखवला जात नाही. ‘बघू नकोस, मग विसरता येणार नाही,’ असे घरातील वडीलधारी मंडळी सांगतात आणि आम्ही डॉक्टरही मान डोलावतो. बारसे झालेले नसते, म्हणून नाव नसते. पुढे रुग्णेच्या कागदांवर त्या बाळाची नोंद एका आकड्यापुरती उरते.

तीस वर्षांच्या व्यवसायात मीही ही रीत निमूटपणे पाळत आलो. ती योग्य की अयोग्य, असा प्रश्न कधी मनाला शिवला नाही. तो प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला तो एका अगदी दूरच्या आणि अतिप्राचीन समाजाविषयी वाचताना. सात हजार वर्षांपूर्वी समुद्रकाठी राहणाऱ्या, शेती न जाणणाऱ्या, मडकेही न घडवणाऱ्या त्या माणसांनी आपल्या मृत बाळांना, अगदी पूर्ण दिवस न भरलेल्या गर्भांनासुद्धा, असे काही जपले की आजही त्यांचे मुखवटे आपल्याकडे पाहत आहेत. त्यांनी असे का केले असावे, या प्रश्नाच्या शोधात पुरातत्त्वज्ञांना वैद्यकशास्त्राच्या दारात यावे लागले. म्हणूनच हा विषय आपल्या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावासा वाटला.

कोरड्या भूमीवर, भरल्या समुद्राकाठी

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, चिली देशाच्या अगदी उत्तर टोकाला, आरिका नावाचे बंदर आहे. तेथे वर्षाकाठी सरासरी एक मिलिमीटरही पाऊस पडत नाही. मागे अटाकामाचे वाळवंट, त्याच्याही मागे अँडीजची हिमशिखरे आणि पुढे पॅसिफिक महासागर. आपण माळव्यात पावसाला आठ दिवस उशीर झाला तर आकाशाकडे डोळे लावून बसतो. तिथल्या कित्येक माणसांना आयुष्यात अंगभर पाऊस लागलेला नसतो.

जमीन अशी वांझ असली तरी समुद्र मात्र तितकाच उदार आहे. दक्षिणेकडून येणारा हम्बोल्टचा थंड प्रवाह आणि त्याबरोबर तळातून वर येणारे पोषक पाणी यांमुळे हा किनारा जगातील अत्यंत समृद्ध मत्स्यक्षेत्रांपैकी एक आहे. मासे, शिंपले, समुद्रपक्षी, समुद्रसिंह यांची येथे वाण नाही. वाण आहे ती गोड्या पाण्याची. अँडीजवर पडणाऱ्या पावसाचे आणि वितळणाऱ्या बर्फाचे पाणी काही मोजक्या खोऱ्यांतून वाळवंट ओलांडून समुद्राला मिळते. माणूस राहू शकतो तो अशा नदीमुखांपाशी आणि झऱ्यांपाशीच.

या नदीमुखांपाशी हजारो वर्षे जी माणसे राहिली, त्यांच्या संस्कृतीला ‘चिंचोरो’ असे नाव आहे. मराठी कानाला ते आपल्याकडील एखाद्या आडनावासारखे वाटते. प्रत्यक्षात ते आरिकाजवळच्या एका पुळणीचे नाव असून स्पॅनिश भाषेत त्या शब्दाचा अर्थ मासेमारीचे एक प्रकारचे जाळे असा होतो. जर्मन पुरातत्त्वज्ञ माक्स उले यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या लोकांच्या दफनांचा पहिला शास्त्रीय अभ्यास केला. त्यानंतर १९८३ साली आरिका येथील मोर्रो टेकडीच्या पायथ्याशी पाणीपुरवठ्याच्या कामासाठी चर खणताना एकाच ठिकाणी ९६ मृतदेह सापडले आणि जगाचे लक्ष या संस्कृतीकडे वेधले गेले. जुलै २०२१ मध्ये युनेस्कोने या वसाहतींचा आणि त्यांच्या ममींचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

मृतदेह पुन्हा उभारण्याची विद्या

ममी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे इजिप्त येतो. चिंचोरो लोकांची ही विद्या इजिप्तच्या फॅरोंच्या काळाहून सुमारे दोन हजार वर्षे आधीची आहे. तिची रीतही निराळी आहे. आरंभीच्या काळात मृतदेहाची त्वचा काढून घेत. मेंदू आणि आतील इंद्रिये काढून टाकत. हाडे स्वच्छ करून त्यांना काठ्यांचा आधार देत आणि वनस्पतींच्या दोरांनी घट्ट बांधत. मग राख आणि माती यांच्या लगद्याने शरीराचा आकार पुन्हा उभा करून त्यावर त्वचा परत चढवत. ती कमी पडली तर समुद्रसिंहाच्या कातड्याचे ठिगळ जोडत. चेहऱ्यावर मातीचा मुखवटा, डोक्यावर मानवी केसांचा टोप आणि सर्वांगावर मँगॅनीजयुक्त खनिजाचा काळा रंग. या ‘काळ्या ममीं’नंतर सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी ‘लाल ममीं’ची रीत आली. तीत शरीर संपूर्ण सुटे न करता छेद घेऊन आतील इंद्रिये काढत, पोकळी भरून छेद शिवत आणि वर गेरूचा लेप देत. शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभे राहिलेल्या कोणालाही कळेल की, सांधे, स्नायू आणि इंद्रिये यांच्या रचनेचे बारकाईचे ज्ञान असल्यावाचून हे काम शक्य नाही.

इजिप्तमध्ये हा मान प्रथम राजाचा आणि सरदारांचा होता. चिंचोरो समाजात राजा नव्हताच. पुरुष, स्त्रिया, मुले, नवजात बालके आणि गर्भ या सर्वांवर हे संस्कार झालेले आढळतात. आजवर हाती आलेल्या सर्वांत जुन्या, जाणीवपूर्वक बनवलेल्या ममी आरिकाच्या दक्षिणेस सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या कामारोनेस नदीच्या मुखाशी सापडल्या. त्यांत प्रामुख्याने बालके आहेत. काही ममींवर रंगाचे एकावर एक थर आहेत आणि दुरुस्तीच्या खुणा आहेत. यावरून अभ्यासकांनी असे अनुमान काढले की, संस्कारानंतर मृतदेह लगेच पुरला जात नसावा. तो काही काळ जिवंत माणसांमध्येच राहत असावा, त्याची निगा राखली जात असावी.

आपल्याकडेही पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन कुंभांत पुरलेली बालके सापडली. बाळाला घराबाहेर न जाऊ देण्याची ही ओढ कोणा एका समाजाची मिरास नाही. परंतु गर्भाच्या इवल्याशा हाडांना काडीचा आधार देऊन त्याला मुखवटा चढवणे, हे निराळेच. त्याची सुरुवात कामारोनेसलाच का व्हावी?

नदीत काय होते?

तारापाका विद्यापीठातील मानवशास्त्रज्ञ बेर्नार्दो आरियासा यांनी २००५ साली या प्रश्नाचे एक उत्तर मांडले. ते उत्तर वैद्यकीय होते. अँडीजच्या ज्वालामुखीय खडकांतून वाहत येणाऱ्या काही नद्यांत आर्सेनिक, म्हणजे आपल्या जुन्या वैद्यांचा सोमल, विरघळलेला असतो. कामारोनेसच्या पाण्यात त्याचे प्रमाण दर लिटरमागे सुमारे १,००० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी ठरवलेली मर्यादा १० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे ही नदी त्या मर्यादेच्या शंभरपट विषारी! या विषाला रंग नाही, वास नाही, चव नाही. वाळवंटातून थकून आलेल्या माणसाला ते पाणी अमृतासारखेच वाटले असणार.

आर्सेनिक वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचते, हे आपण जाणतोच. पश्चिम बंगालमधील मातांच्या एका अभ्यासात, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गरोदरपणी दर लिटरला २०० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आर्सेनिक असलेले पाणी पिणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत बाळ जन्मण्याची शक्यता सुमारे सहापट आढळली. कामारोनेसचे पाणी त्याच्याही पाचपट तीव्र आहे. आरियासा यांचे म्हणणे असे की, या नदीमुखाशी प्रथम वस्तीला आलेल्या छोट्या टोळ्यांमध्ये गर्भपात, मृत जन्म आणि अर्भकमृत्यू यांचे सत्र लागले असावे. कारण कोणालाही कळत नव्हते. अशा वेळी एखाद्या आईबापांनी आपले बाळ मातीत देण्याऐवजी त्याला रंगवून, सजवून जवळ ठेवले असावे, आणि त्या दुःखातून एक परंपरा जन्माला आली असावी.

हे नुसते कल्पनारंजन नव्हे, याला काही भौतिक आधारही मिळाले. प्राचीन ममींच्या केसांचे रासायनिक पृथक्करण केले असता त्यांत आर्सेनिकचे प्रमाण सर्वसाधारण माणसाच्या केसांतील प्रमाणाच्या अनेक पटींनी जास्त आढळले. त्याहून विलक्षण पुरावा जिवंत माणसांच्या रक्तात मिळाला. यकृतात आर्सेनिकवर प्रक्रिया करून ते मूत्रावाटे बाहेर टाकण्यास मदत करणारे एक विकर आहे. त्याच्या जनुकाचे काही प्रकार हे काम अधिक चोख करतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कामारोनेस खोऱ्यातील आजच्या रहिवाशांपैकी सुमारे ६८ टक्के लोकांमध्ये हे संरक्षक प्रकार आढळले. शेजारच्या आसापा खोऱ्यात हे प्रमाण ४८ टक्के होते, तर दूर दक्षिणेकडील तुलनेच्या गटात अवघे ८ टक्के.

नैसर्गिक निवड हा शब्द आपण पाठ्यपुस्तकात शिकलो. एखादे जनुक एखाद्या खोऱ्यात इतके पसरायचे, तर ज्यांच्याजवळ ते नव्हते अशी किती बाळे पिढ्यान्‌पिढ्या जगली नसतील, याचा विचार करावा. ६८ या आकड्यामागे त्या बाळांची नोंद आहे. प्रसूतितज्ज्ञाला तो आकडा कोरडा वाटणे कठीण आहे.

हाडांवर लिहिलेला समुद्र

सोमल हा या लोकांच्या वाट्याला आलेला एकमेव त्रास नव्हता. उत्तर चिलीतील हजाराहून अधिक प्राचीन कवट्यांच्या पाहणीत किनाऱ्यावरील सुमारे ३० टक्के व्यक्तींच्या बाह्य कर्णनलिकेत हाडाची वाढ झालेली आढळली. डोंगराळ भागातील कवट्यांत ती मुळीच नव्हती. थंड पाण्यात वारंवार बुड्या मारणाऱ्यांच्या कानांत अशी वाढ होते, हे कान-नाक-घसा तज्ज्ञ जाणतात. हिचे प्रमाण पुरुषांत जास्त. अन्नासाठी समुद्रतळाशी जाणाऱ्यांपैकी कित्येकांना हळूहळू ऐकू येईनासे झाले असेल.

त्यांच्या विष्ठेच्या अवशेषांत पट्टकृमीची अंडी सापडली. कच्चे वा अर्धवट शिजलेले मासे खाण्याची ही निशाणी. एल निन्यो अवतरला की थंड प्रवाह मंदावतो, नेहमीचे मासे दूर जातात आणि दुसऱ्या जातीचे मासे किनाऱ्याशी येतात. अशा काळात कृमींचा प्रादुर्भाव वाढला असावा, असे काही अभ्यासकांना वाटते. पुढे तर ममींना लावलेल्या काळ्या मँगॅनीजच्या हाताळणीने संस्कार करणाऱ्यांनाच बाधा झाली असावी, असाही तर्क मांडला गेला.

दुसरे मत

आपल्या व्यवसायात एका लक्षणावरून निदान पक्के करणाऱ्याला आपण सावध करतो. तोच नियम येथेही लावायला हवा. आर्सेनिक त्या नदीत आधीही होते, नंतरही राहिले आणि आजही आहे. ममी बनवण्याची प्रथा मात्र सुरू झाली, बहरली आणि लोपली. शिवाय प्राचीन काळी अर्भकमृत्यू सर्वत्रच अफाट होते. तेवढ्यावरून सर्वत्र ममी घडल्या नाहीत. मग याच किनाऱ्यावर, याच काळात का?

चिलीतील परिस्थितिवैज्ञानिक पाब्लो मार्केत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दुसरे उत्तर पुढे ठेवले. वाळवंटाच्या कोरडेपणात मृतदेह कुजत नाही. तो आपोआपच सुकतो आणि टिकतो. वारा वाळू हलवतो आणि उथळ पुरलेली माणसे पुन्हा वर येतात. शंभर माणसांच्या टोळीत शतकभरात चारशेच्या आसपास मृत्यू होतात, असा हिशेब त्यांनी मांडला. म्हणजे काही शतकांत जिवंतांपेक्षा मृतांचीच संख्या, आणि तीही डोळ्यांना दिसणारी, कितीतरी अधिक! जी माणसे रोज आपल्या पूर्वजांचे चेहरे पाहत होती, त्यांच्या मनात मृतांविषयी निराळे नाते निर्माण झाले, तर नवल नाही. त्यातच सात हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास अँडीजवर पाऊस वाढला, झऱ्यांना पाणी आले, समुद्रही भरभरून देत होता. वस्त्या वाढल्या. माणसे वाढली की नव्या कल्पना सुचणारी डोकी वाढतात आणि कल्पना एकमेकांपर्यंत पोहोचून टिकतात. पुढे सुमारे ४,४०० वर्षांपूर्वी परिस्थिती पालटू लागली आणि त्याच सुमारास ही श्रमाची विद्याही मावळू लागली.

पाहा, एका मताने पर्यावरणाचा जाच हे कारण दिले, तर दुसऱ्याने पर्यावरणाची कृपा. मला ही दोन मते परस्परविरोधी वाटत नाहीत. वस्ती वाढवणारे पाणी आणि बाळे हिरावणारे पाणी एकाच नदीचे असू शकते. कोरड्या हवेने मृतदेह टिकवण्याची शक्यता दाखवली, भरल्या समुद्राने त्यासाठी उसंत दिली आणि एकामागून एक जाणाऱ्या बाळांनी त्याची गरज निर्माण केली, असे म्हणता येईल. तरीही एक गोष्ट उरतेच. परिस्थितीने फक्त प्रश्न घातला. आपल्या बाळाला रंगवून जवळ ठेवण्याचे उत्तर त्या माणसांनी स्वतः शोधले.

तीच नदी, तेच विष

हा इतिहास केवळ प्राचीन नाही. चिलीतील आंतोफागास्ता शहराला १९५८ साली अँडीजमधील नदीचे नवे पाणी आणले गेले. शहर वाढत होते, पाण्याची निकड होती. त्या पाण्यात दर लिटरला ८६० मायक्रोग्रॅमच्या आसपास आर्सेनिक होते. काही वर्षांतच मुलांच्या त्वचेवर डाग आणि चट्टे दिसू लागले. १९७० साली शुद्धीकरण केंद्र सुरू झाले आणि प्रमाण झपाट्याने खाली आले. तरी त्या बारा वर्षांत जे गर्भात वा बालवयात होते, त्यांच्यात फुप्फुसाचा आणि मूत्राशयाचा कर्करोग पुढची कित्येक दशके वाढीव प्रमाणात आढळत राहिला.

आणि आपल्या देशात? ज्या १९८३ साली आरिकात पाण्यासाठी खणताना ९६ मृतदेह सापडले, त्याच वर्षी कोलकात्यात त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी खेड्यांतून आलेल्या रुग्णांच्या तळहातांवरील खरखरीत गाठी आणि अंगावरचे काळे-पांढरे ठिपके पाहून त्यांचा संबंध कूपनलिकांच्या पाण्यातील आर्सेनिकशी जोडला. त्या कूपनलिका चांगल्या हेतूनेच खोदल्या गेल्या होत्या. तळ्यांच्या घाण पाण्याने होणारे पटकी-अतिसार टळावेत, हाच उद्देश होता. निदान झाले ते एका डॉक्टरने ‘तुम्ही पाणी कुठले पिता?’ हा साधा प्रश्न विचारल्यामुळे.

इंदूरच्या दवाखान्यांत बसणाऱ्या आपल्याला हा प्रश्न परका नाही. झाबुआ आणि धार भागांतून येणाऱ्या रुग्णांच्या दातांवरचे तपकिरी डाग आणि वाकलेले पाय आपण पाहिले आहेत. तिथले विष फ्लोराइडचे, तेही भूगर्भातले, तेही नकळत प्यायलेले. गर्भवतीचा इतिहास लिहून घेताना आपण रक्तगट विचारतो, मधुमेह विचारतो, मागील प्रसूती विचारतो. घरचे पाणी कोठून येते, हे त्या यादीत किती जणांच्या कागदावर असते? वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रीला ‘तुझ्यातच काहीतरी दोष आहे’ असे सांगणारी सासू आणि नदीचा दोष न ओळखता आलेला सात हजार वर्षांपूर्वीचा समाज, यांत अज्ञानाच्या दृष्टीने फार अंतर नाही. फरक आहे तो वागणुकीचा. त्या समाजाने मृत बाळाला मुखवटा दिला, मान दिला.

आता त्या ममींवरही संकट आले आहे. आरिकाजवळच्या संग्रहालयातील काही ममींची त्वचा काळपट होऊन पाझरू लागली. हार्वर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी तपासणी करून २०१५ साली जाहीर केले की, हवेतील आर्द्रता वाढल्यामुळे माणसाच्या त्वचेवर नेहमी असणारे साधे जिवाणूच त्या त्वचेचे विघटन करीत आहेत. ज्या कोरड्या हवेने त्यांना हजारो वर्षे सांभाळले, ती हवाच बदलू लागली आहे.

गेल्या काही वर्षांत मी माझी एक सवय बदलली आहे. बाळ मृत जन्मले, तर त्याला स्वच्छ करून नीट गुंडाळायला सांगतो आणि मग आईला विचारतो, ‘पाहायचे आहे का?’ काही जणी मान फिरवतात. त्यांचा तो अधिकार आहे. बऱ्याच जणी हात पुढे करतात. बाळाच्या बोटांवरून बोट फिरवतात, नाक कोणावर गेले ते सांगतात. एकीने हलक्या आवाजात त्याला नावाने हाक मारली. नाव तिने मनाशी आधीच ठरवून ठेवले होते. मी त्या वेळी काही बोललो नाही. खोलीतून सर्वांना बाहेर जायला सांगितले आणि तिला हवा तेवढा वेळ दिला.